गोष्ट कुणाची, गल्ला कुणाचा?

बाजाराला जात नसते आणि पैशाला रंग नसतो, असे सांगणाऱ्या विद्वानांची आपल्या देशात वाण नाही. ज्याचा माल चांगला त्याचा माल खपेल आणि ज्याच्या खिशात पैसा त्याला तो मिळेल, एवढा सोपा हा हिशेब आहे असे ते सांगत असतात. या हिशेबात अलीकडे एका नव्या सूत्राची भर पडली आहे. नुसता माल दाखवू नका, गोष्ट सांगा. आणि गोष्ट सांगायची ती स्वतःची नव्हे, तर गिऱ्हाइकाची सांगा, असे ते सूत्र आहे. गिऱ्हाईक हा त्या गोष्टीचा नायक, त्याची अडचण हा गोष्टीचा विषय आणि तुमचा माल म्हणजे ती अडचण दूर करणारे साधन. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती याच सूत्रावर चालतात, आणि आता तालुक्याच्या गावी होणाऱ्या उद्योजकता शिबिरांतही बचत गटांच्या महिलांना व सुशिक्षित बेरोजगार तरुणांना हेच शिकविले जाते. या सूत्रात तथ्य किती, आपल्या समाजाच्या कामाचे किती आणि आपल्याला अडकविणारे किती, याचा विचार आंबेडकरी चळवळीने केला पाहिजे असे आम्हाला वाटते.

हा विचार करण्याची गरज आम्हाला भासली ती अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका प्रसंगाने. महिला बचत गटांच्या मालाचे एक प्रदर्शन भरले होते. त्यात आपल्या समाजाच्या महिलांच्या एका गटाने बाजरीच्या खारोड्या, कुरडया, पापड आणि शेंगदाण्याची चटणी विक्रीस मांडली होती. गटाला नाव दिले होते माता रमाईचे. पाकिटावर मोठ्या अक्षरात गटाचे नाव, खाली अध्यक्षा ताईंचे आडनावासह पूर्ण नाव आणि गाव. मालाची पारख करायला आलेले एक प्रशिक्षक सर म्हणाले, "ताई, तुमचा माल फर्स्टक्लास आहे. पण हे नाव बदला. अन्नपूर्णा ठेवा, गृहलक्ष्मी ठेवा. आणि आडनाव कशाला लिहायचं? गिऱ्हाइकाला तुमच्याशी काय घेणं आहे? त्याला त्याची गोष्ट सांगा." त्यावर त्या ताईंनी शांतपणे विचारले, "सर, नाव बदलल्यावर पापडाची चव वाढती का?"

सरांपाशी उत्तर नव्हते. आमच्या मते ते सर काही दुष्ट गृहस्थ नव्हते. गटाचा माल खपावा अशीच त्यांची इच्छा होती. परंतु त्यांच्या सल्ल्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या गरजेपासून सुरुवात करा, ही एक गोष्ट झाली. आणि तुम्ही कोण आहात ते लपवा, ही दुसरी. पहिली व्यवहाराची शिकवण आहे. दुसरी जातिव्यवस्थेची शिकवण आहे, आणि ती पहिलीच्या पदराआड लपून येते. म्हणूनच ती अधिक घातक आहे.

नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांना या मराठी मुलखात तरी तो प्रश्न शोभत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, तरुणांनी आत्मदहन केले. एका नावासाठी ज्या समाजाने एवढी किंमत मोजली, त्या समाजाच्या बायकांना पापडाच्या पाकिटावरून रमाईचे नाव पुसायला सांगणे ही किरकोळ सूचना नव्हे. अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले तेही २०२४ साली. सरकारला नावाचे वजन कळते. मग बचत गटातल्या ताईंना ते कळत नाही असे का समजावे?

मुळात बाजाराच्या गोष्टीत नायक असणारे हे 'गिऱ्हाईक' म्हणजे कोण, हेही विचारले पाहिजे. आपले आजे-पणजे गिऱ्हाईक कधी होते? गावगाड्यात त्यांच्या कामाला भाव नव्हता आणि त्यांच्या हातात मोल नव्हते. गावची राखण, सांगावा पोहोचविणे, मेलेले ढोर ओढणे, ही सगळी कामे करायची आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते बलुते घेऊन घरी यायचे. ज्याला आपल्या श्रमाची किंमत सांगण्याचा हक्क नाही, तो विक्रेता होऊ शकत नाही. ज्याला दुकानदार लांबून वस्तू टाकतो आणि ज्याच्या नाण्यावर पाणी शिंपडून ते उचलतो, तो गिऱ्हाईकही होऊ शकत नाही. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले ते उगीच नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले, त्यामागेही श्रमाचा मोबदला ठरलेला असावा, तो कुणाच्या मर्जीवर नसावा, हाच विचार होता. गावकामाचे ते जोखड कायद्याने निघायला १९५८ साल उजाडावे लागले.

बाजाराला जात नसते म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांच्याच आयुष्यातले दोन प्रसंग आठवावेत. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने मुंबईत गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला, असे चरित्रकार सांगतात. ज्ञान तेच होते, आकडे तेच होते, बदलली ती फक्त माहिती. दुसरा प्रसंग 'मूकनायक'चा. ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू झाले. त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. म्हणजे आपला पैसाही बाजाराला चालत नव्हता. आपल्या पैशाने आपली गोष्ट सांगण्याची मुभा नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी त्या पाक्षिकाला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तेव्हा मुक्या समाजाला वाचा फुटली. आंबेडकरी वृत्तपत्रांचा जन्मच या नकारातून झाला आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

हा जुना काळ झाला, आता तसे राहिलेले नाही, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक अलीकडचा दाखला देतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची जेवढी शक्यता होती, त्यापेक्षा दलित नावाच्या अर्जाला ती सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. म्हणजे आडनावाची किंमत आजही मोजावी लागते. तेव्हा दुकानाच्या पाटीवर आपले आडनाव न लिहिणारा तरुण भित्रा आहे, बाटगा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने बँकेचे कर्ज काढलेले असते, भाडे भरायचे असते, लेकरांची फी भरायची असते. दोष त्याचा नाही. पाटी वाचून पायरी उतरणाऱ्याचा दोष आहे. परंतु दोष कुणाचा हे ठरवून गल्ला भरत नाही. मग करायचे काय?

आमचे उत्तर असे आहे की, गिऱ्हाइकापासून सुरुवात करावी आणि आपल्या नावावर शेवट करावा. दोन्हींपैकी एकही सोडू नये.

हे शक्य आहे याचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. अकोले तालुक्यातच कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी या आदिवासी समाजातल्या. त्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही. परंतु घरातला नातू आजारी पडू लागला, तेव्हा त्याचे कारण रासायनिक खते-औषधांवर पोसलेल्या अन्नात आहे हे त्यांनी ताडले आणि वाल, घेवडा, भात, भाजीपाला यांचे गावरान बियाणे त्या जपू लागल्या. बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली, घरी बियाणे बँक उभी राहिली, आणि कळसुबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या माध्यमातून हे काम आजूबाजूच्या गावांत पसरले. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज सारा महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो.

आता या बियाण्याची गोष्ट नीट पाहा. शेतकरी बाईला त्या आपल्या पुरस्काराची गोष्ट सांगून बियाणे देत नव्हत्या, कारण सुरुवातीला पुरस्कार नव्हताच. गोष्ट होती ती त्या बाईच्याच घरातली. तुझे लेकरू काय खाते, दरवर्षी बियाण्याला पैसा कुठून आणतेस, हा तिच्या काळजीचा विषय होता. बियाणे देण्याची रीतही त्याला धरूनच होती. नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट बियाणे पिकल्यावर परत करायचे. म्हणजे घेणारी बाई नुसती गिऱ्हाईक राहत नाही. तीही बियाणे राखणारी होते आणि गोष्ट पुढे नेते. गिऱ्हाइकाला केंद्रस्थानी ठेवणे म्हणतात ते याला. आणि हे करताना राहीबाईंनी आपले नाव, आपला डोंगर, आपली जमात, आपली बोली यांतले काहीही लपविले नाही. लोकांचा त्या बियाण्यावर विश्वास बसला तो ते कोणत्या हातांनी राखले आहे हे माहीत होते म्हणूनच. बियाणे देणारी कोण, हे पुसून टाकले असते तर त्या गोष्टीत उरले काय असते?

परंतु नाव झाले म्हणजे सारे झाले असेही समजू नये. कीर्ती एकीकडे आणि गल्ला दुसरीकडे असे आपल्याबाबत वारंवार घडते. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. चर्मकार कारागिरांच्या पिढ्यांनी ती चप्पल घडविली. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये तशीच चप्पल सादर केली आणि कोल्हापूरचा किंवा कारागिरांचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा त्या कंपनीला चपलेचे मूळ मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला, आणि भारतीय कारागिरांच्या हातून दोन हजार जोड बनवून ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर केले.

या प्रकरणाचा धडा काय? चप्पल तीच होती. बाजारात ती शेकड्यांत विकली जात होती आणि परदेशी शोरूममध्ये तिचा भाव हजारोंच्या घरात गेला. मधला फरक हा कातड्याचा नव्हता, शिलाईचाही नव्हता. तो गोष्टीचा आणि ती सांगण्याच्या ताकदीचा होता. ज्याच्या हाती गोष्ट त्याच्या हाती भाव. म्हणून कारागिराचे नाव हा केवळ स्वाभिमानाचा प्रश्न राहत नाही. तो रोकड्या हिशेबाचा प्रश्न होतो. प्रशिक्षक सर ताईंना जे नाव पुसायला सांगत होते, तेच नाव लिहिले नाही म्हणून जगातल्या एका बलाढ्य कंपनीला माघार घ्यावी लागली.

आपले नाव ठळकपणे मिरविण्याचेही प्रयोग झाले आहेत. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या नावाने मसाले आणि लोणची विकायला काढली. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचे लोणचे तुमच्या ताटात चालते का, हा प्रश्नच त्यांनी बाटलीत भरून बाजारात ठेवला. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीतल्या कारागिरांना हाताशी धरून 'चमार स्टुडिओ' उभा केला. राज्यात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि चामड्याच्या कामावर गदा आली, त्या काळात या कारागिरांनी टाकाऊ रबरापासून पिशव्या घडविल्या. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी मालाच्या दर्जाची खूण म्हणून छापला. हे धाडस आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो.

तथापि इथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपले नाव सांगणे वेगळे आणि आपले दुःख विकणे वेगळे. 'आम्ही गरीब आहोत, आमच्यावर अन्याय झाला, म्हणून आमचा माल घ्या' ही गोष्ट एकदाच चालते. गिऱ्हाईक एकदा दया म्हणून खारोड्या नेईल, दुसऱ्यांदा येणार नाही. आणि दयेने दिलेला पैसा हे नव्या रूपातले बलुतेच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला मागायला शिकविले नाही, हक्काने घ्यायला शिकविले. खारोडी कुरकुरीत आहे, बाजरी चांगली पाखडलेली आहे, पाकिटावर लिहिले तेवढेच वजन भरते, ही आपली पहिली गोष्ट असली पाहिजे. सावकारी काटा आपण पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. आपल्या काट्यात तोळ्याचाही फरक पडता कामा नये.

या साऱ्याला दुसरी बाजूही आहे. आज आपला समाज नोकरदार झाला, शहरात आला, चार पैसे राखून आहे. त्यामुळे आता आपल्यालाही गोष्टी विकल्या जात आहेत. १४ एप्रिल जवळ आला की गाड्यांच्या शोरूमपासून कर्जकंपन्यांपर्यंत सगळ्यांचे निळे फलक चौकाचौकात लागतात. वर बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली हप्त्याचा आकडा. घरोघरी फिरणारे कर्जवाले आपल्या बायाबापड्यांना 'स्वतःच्या पायावर उभी राहिलेली ताई' ही गोष्ट ऐकवितात. त्या गोष्टीची नायिका आपली ताईच असते, परंतु व्याजाचा दर त्या गोष्टीत कुठेच नसतो. गिऱ्हाइकाला नायक करणारी गोष्ट त्याच्या हिताची असतेच असे नाही. म्हणून अशी गोष्ट ऐकताना तीन प्रश्न विचारावेत. यात माझे नाव कशासाठी घेतले आहे? यातून पैसा कुणाच्या घरी जाणार आहे? आणि ही गोष्ट सांगणारा माणूस माल नासका निघाल्यावर भेटणार आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर निळ्या रंगाला भुलू नये.

आता थोडे चळवळीच्या जबाबदारीविषयी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी विक्री होते, ती पाहून भले भले प्रकाशक थक्क होतात. तिथे कुणी जाहिरात करीत नाही. स्टॉलवरचा भाऊ खेड्यातून आलेल्या माणसाला विचारतो, "दादा, घरी शिकणारं कोण आहे? कितवीला आहे?" आणि त्या उत्तराप्रमाणे पुस्तक हातात ठेवतो. गिऱ्हाइकाच्या गरजेची गोष्ट म्हणजे याहून वेगळे काय आहे? ही विद्या आपल्याकडे आहे. ती पुस्तकांच्या स्टॉलवरून मसाल्याच्या, चपलेच्या, शिलाईच्या, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत नेली पाहिजे.

त्यासाठी सरकारच्या दारातही जावे लागेल. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करावी असे धोरण २०१२ सालापासून आहे. ते आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? इथे तर आडनाव लपविण्याचा प्रश्नच येत नाही. जातीचा दाखला जोडल्याशिवाय तो हक्क मिळत नाही. ही माहिती तालुक्यातालुक्यांत पोहोचविणे हे संघटनांचे काम आहे. जयंतीची वर्गणी गोळा करताना प्रत्येक घरी याचा एक कागद गेला तरी पुष्कळ होईल. आणि आपल्या ताईंच्या स्टॉलवरून आपणच खरेदी केली नाही, तर इतरांनी करावी असे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या स्टॉलवर गेलो. पाकिटावर रमाईचे नाव तसेच होते, ताईंचे आडनावही होते. बदल एकच झाला होता. समोर थांबणाऱ्या प्रत्येकीला ताई आधी विचारीत होत्या, "बाई, घरी लेकरं किती? शाळेतून आल्यावर काय खात्यात?" मग खारोडीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवीत आणि तळायची का नुसतीच खायची ते सांगत. सरांच्या सल्ल्यातला चांगला अर्धा भाग त्यांनी घेतला होता आणि उरलेला अर्धा सरांना परत केला होता. पाकीट उचलून काही बायांनी नाव वाचले आणि ठेवून दिले, हेही आम्ही पाहिले. परंतु बऱ्याच जणींनी चव घेतली, पैसे दिले आणि आणखी कुठे मिळेल ते विचारले. तेव्हा ताईंनी पाकिटावरच्या नावावर बोट ठेवले.

ते नाव पुसलेले असते तर बोट कशावर ठेवले असते?